चाळिशी लागल्यावर पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल: काच नीट बसेल अशी कोणती?

केटीचा_सातारकर

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनजवळ केटीला राहतो, मूळ सातारा, वय ४८. कॉलेजात १९९५ ते ९७ एनसीसीत होतो, तेव्हा .२२ (छोट्या, हलक्या गोळीची) चालवली. हातानं मागेपुढे करायच्या बोल्टची रायफल, २५ मीटर, पालथं पडून पाच गोळ्या. हवालदारसाहेब डोक्यापाशी उकिडवे बसून हळू आवाजात सांगायचे, "श्वास रोख, ट्रिगर नुसता दाबत ये." एकदा माझी पाचही भोकं आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली गेली. तो कागद आईच्या ट्रंकेत अजून आहे.

गेल्या महिन्यात इथल्या रेंजवर पुन्हा रायफल हातात घेतली. हात विसरला नव्हता, पण डोळा बदललाय. टार्गेटकडे बघावं तर पुढची माशी (नळीवरचा नेमाचा खुंट) पुसट, माशीकडे बघावं तर टार्गेटचा काळा गोल विरघळतो. चाळिशीचा चष्मा आहेच, शिवाय उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर. म्हणजे आता काच हवीच, रायफलीवर बसवायचा स्कोप (दुर्बीण) किंवा तसलं काही.

५० ते १०० यार्डांवर कागदावर नेम धरायचाय. शिकार नाही. मुलगी १६ वर्षांची आहे, तिलाही शिकायचंय. रायफल आणि काच मिळून ८०० डॉलरपर्यंत जाईन. सेमी-ऑटो हवी, म्हणजे दर ट्रिगरला एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाते ती. मित्र म्हणतो एआर-१५ घे, दुकानदार म्हणतो रूगर कंपनीची .२२ ची १०/२२ घे, आणि माझं मन एम१ गॅरँडवर (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी रायफल) आहे, लहानपणापासून. काच बसवायची म्हटल्यावर रायफलीत नेमकं काय बघायचं, ते कुणीतरी मुळापासून सांगा.

टूलरूमवाले_काका

सातारकर, मी सॅन अँटोनिओला असतो. त्याआधी पिंपरीत २२ वर्षं टूलरूममध्ये काढली. त्यामुळे माझी नजर आधी एकाच गोष्टीकडे जाते: प्ले (ढिलेपणा) कुठे आहे? स्कोप हे मोजायचं यंत्र आहे. ते ज्या तुकड्यावर बसतं तो तुकडा आणि नळी एकमेकांच्या संदर्भात केसभरही हलता कामा नयेत. ही गोष्ट साधली की बाकीचं नंतर बघता येतं.

हे मी पैसे घालवून शिकलो. माझी पहिली सेमी-ऑटो म्हणजे एक जुनी एसकेएस, सिमोनॉव्हच्या १९४५ च्या डिझाइनची. चांगली, दणकट रायफल. तिच्या वरच्या झाकणावर कुणीतरी रेल (स्कोप अडकवायची पट्टी) ठोकून स्कोप चढवला होता आणि मी तसाच घेतला. पण ते झाकण साफसफाईसाठी निघणारं! दर वेळी पुसून परत लावलं की १०० यार्डांवर गोळ्या चार-सहा इंच सरकलेल्या, कधी डावीकडे, कधी खाली. शेवटी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली, क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) टार्गेटच्या मधोमध धरला आणि नळीला धक्का न लावता स्कोपवर नुसता अंगठा दाबला. क्रॉसहेअर सरळ काळ्या गोलाच्या बाहेर गेला. अंगठा उचलला, परत आत आला. त्या दिवशी तो स्कोप उतरवला. दुकानात कुठलीही रायफल बघाल तेव्हा, दुकानदाराला विचारून, हा अंगठा लावून बघा.

आता गॅरँड. तुमचं मन तिच्यावर आहे हे समजतं, माझंही आहे. पण ती लोखंडी माशांसाठीच जन्मलेली रायफल आहे. आठ काडतुसांची क्लिप वरून आत जाते, आणि रिकामी क्लिप वरूनच बाहेर उडते. म्हणजे नळीच्या बरोबर वर काच बसवायला जागाच नाही. सैन्यानं एम१सी आणि एम१डी या स्नायपर आवृत्त्या केल्या तेव्हा स्कोप डाव्या बाजूला सरकवावा लागला, आणि गाल नीट टेकावा म्हणून दस्त्यावर दोरीनं आवळलेली चामड्याची गादी बांधावी लागली. गॅरँड जरूर घ्या, पण दुसरी म्हणून.

रिकामं काडतूस कुठून उडतं हा प्रश्न प्रत्येक सेमी-ऑटोला विचारायचाच. रूगरची मिनी-१४ घ्या. सुरुवातीच्या मॉडेलची काडतुसं वर उडायची. १९८२ च्या सुमाराला रँच रायफल आली, तिच्यात स्कोप धरणाऱ्या कड्यांसाठी बैठक रिसीव्हरमध्येच (नळी जोडलेला धातूचा मधला सांगाडा) कोरलेली आणि काडतुसं बाजूला जातील अशी सोय. जुनी मिनी-१४ स्वस्तात दिसली तर कोणती आहे ते बघूनच हात घाला.

मित्र एआर-१५ म्हणतो त्यात तथ्य आहे. सपाट माथ्याच्या एआरमध्ये नळी ज्या वरच्या रिसीव्हरला आवळलेली असते, त्याच तुकड्यावर रेल कोरलेली असते. मध्ये सांधा नाही. ही रेल म्हणजे पिकॅटिनी. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनलवरून नाव पडलं, आणि १९९५ मध्ये तिचं लष्करी मानक ठरलं. एक पथ्य पाळायचं: स्कोपची दोन्ही कडी रिसीव्हरवरच हवीत. एक रिसीव्हरवर आणि एक पुढच्या हँडगार्डवर (नळीभोवतीचं आवरण) असं करू नका, हँडगार्ड वाकतो. आणि वर उचलायची मूठ असलेली जुनी एआर टाळा. मुठीवर काच चढवली की ती इतकी उंच जाते की गालाऐवजी हनुवटी टेकते.

तरीही तुम्हाला माझा सल्ला .२२ चाच. गोळी चार-पाच पट स्वस्त, झटका जवळपास नाही, आवाज कमी. मुलगी पहिल्या दिवशी दीडशे गोळ्या झाडेल आणि डोळे मिटायची सवय तिला लागणार नाही. १०/२२ हे १९६४ पासूनचं मॉडेल. रिसीव्हरच्या माथ्यावर स्क्रूची चार भोकं कारखान्यातूनच येतात, बऱ्याच मॉडेलांच्या खोक्यात बेसही (कडी बसवायची पट्टी) असतो, आणि रिकामं काडतूस उजवीकडे जातं. अडचण एकच. साध्या कार्बाइनचा दस्ता बुटक्या माशांच्या हिशेबानं उतरता आहे. स्कोप चढला की डोळा वर उचलावा लागतो, गाल सुटतो, आणि गाल सुटला की नेम दर गोळीला वेगळा. मी जुन्या योगा मॅटची अर्ध्या इंचाची पट्टी कापून दस्त्यावर कापडी टेपनं गुंडाळली. सात वर्षं झाली, तीच आहे. गाल उंच करता येणारे दस्तेही वेगळे मिळतात, पण आधी फोम लावून तुमची उंची शोधा.

दुसरा पर्याय स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२. .२२ च, पण अंगानं एआरसारखी: माथ्यावर पिकॅटिनी, दस्ता सरळ, लांबी कमी-जास्त करता येते. तुमचे हात लांब आणि मुलीचे आखूड असतील तर ही सोय मोठी आहे.

दुकानात दोन्ही खांद्याला लावून बघा. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघून, डोळे मिटून खांद्याला लावा, गाल सहज पडेल तिथे पडू द्या, मग डोळे उघडा. काचेत पूर्ण गोल चित्र दिसलं तर रायफल तुमची. कडेनं काळी चंद्रकोर दिसली तर उंची किंवा अंतर चुकलंय.

आणि बसवल्यावर स्क्रू. माझ्या १०/२२ चा स्कोप एका दुकानात बसवून घेतला होता. ५० यार्डांवर इंचाच्या आत बसणाऱ्या पाच गोळ्या महिन्याभरात तीन इंचांवर पसरल्या. मी पाच प्रकारची काडतुसं बदलली, नळी घासली, स्वतःच्या श्वासावर शंका घेतली. शेवटी स्कोप उतरवला तर बेसचा पुढचा स्क्रू बोटानं फिरत होता. तेव्हापासून स्वतः बसवतो: भोकातलं तेल पूर्ण पुसायचं, बेसच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब, आणि टॉर्क ड्रायव्हर (ठरलेल्या जोरानंच आवळणारा). कड्यांचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, उत्पादकानं सांगितलं असेल तेवढंच. अंदाजानं आवळलं तर स्कोपची नळी चेपते.

डोळ्यांची_डॉक्टर_ऑस्टिन

काकांचं रायफलीबद्दलचं सगळं मान्य. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे आणि स्वतः .२२ चालवते, म्हणून काचेबद्दल सांगते.

सातारकर दादा, तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. चाळिशीवर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) चांगला चालतो, कारण त्याचा ठिपका डोळ्याला लांबच्या वस्तूसारखा दिसतो. जवळचं फोकस लागतच नाही. सिलिंडरच्या नंबराचं मात्र उलटं आहे. तोच ठिपका ताऱ्यासारखा फुटलेला किंवा शेपूट आलेला दिसतो. दुकानात एक करा. ठिपका डोळ्यानं बघा, मग मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला म्हणजे साइट ठीक आहे, फुटतोय तो तुमच्या डोळ्यात. अशा वेळी काचेवर कोरलेल्या रेघा असलेली प्रिझम साइट किंवा साधा स्कोप बरा. स्कोपच्या मागच्या टोकाचं कडं फिरवून रेघा तुमच्या नंबराला जुळवता येतात. पांढऱ्या भिंतीकडे बघून फिरवा आणि एका वेळी दोन-तीन सेकंदच बघा. जास्त वेळ बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. पण या कड्यानं सिलिंडर जात नाही, तेव्हा चष्मा लावूनच जुळवा.

आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून पालथे पडू नका. मान झुकली की तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघता, तिथे नंबर धड नसतो. फक्त लांबच्या नंबराचा, पॉलिकार्बोनेट काचेचा वेगळा चष्मा करून घ्या. उडणाऱ्या काडतुसापासून डोळाही वाचतो.

केटीचा_सातारकर

ताई, आज दुकानात जाऊन आलो. रेड डॉट डोळ्यानं बघितला तर दिवाळीतल्या फुलबाजीसारखा, मोबाइलमध्ये मात्र अगदी गोल! इतके दिवस वाटत होतं की स्वस्त साइट आहे म्हणून असं दिसतं.

काका, डोळे मिटून दोन्ही लावल्या. १५-२२ मध्ये चित्र लगेच पूर्ण आलं. १०/२२ मध्ये खालून काळी कोर. पण लाकडी दस्ता हातात आला आणि एनसीसीच्या रायफलीचीच आठवण झाली, तर मी १०/२२ वर ठाम आहे. फोम लावीन. .२२ साठी स्कोप वेगळा लागतो का, की कुठलाही चालतो?

टूलरूमवाले_काका

वेगळा घ्या. .२२ च्या स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा ५० यार्डांना जुळवलेला असतो, मोठ्या रायफलींचा १०० किंवा १५० ला. पॅरॅलॅक्स जुळला नसेल तर डोळा जरा सरकला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो. २ ते ७ पट, ३२ मिलिमीटरची पुढची काच, एवढं तुम्हाला भरपूर. पाव मिनिटाची क्लिक (कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण पाव इंच) असेल तर ५० यार्डांवर एक इंच सरकवायला आठ क्लिक मोजायच्या. ५० ला झिरो केलीत (नेम आणि गोळी एकाच जागी जुळवलीत) की १०० यार्डांवर गोळी साधारण सहा-सात इंच खाली लागेल. त्याला घाबरू नका, .२२ ची गोळी तशीच पडते.

कडी घेताना बेस बघा. वीव्हर (रेलचाच दुसरा प्रकार) आणि पिकॅटिनी सारख्या दिसतात, पण पिकॅटिनीची खाच रुंद असते. वीव्हरची कडी पिकॅटिनीवर बसतात, उलटं दर वेळी जमेलच असं नाही.

एडिसनकर

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण हे वाचणाऱ्यांत एच-१बी वाले बरेच असतील. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर प्रश्न नाही. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा) भरायचा, ग्रीन कार्डवाल्यांनी त्यात ए-नंबर (इमिग्रेशनचा नोंदणी क्रमांक) द्यायचा, मग पार्श्वभूमीची तपासणी होते. पण एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगणंच गुन्हा आहे, वैध शिकार परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. रेंजवर मित्राची रायफल हातात घेणं हेही बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं, आणि त्यावर पुढचं सगळं इमिग्रेशन अवलंबून आहे. आधी वकिलाला विचारा. शिवाय राज्य बदललं की नियम बदलतात. आमच्या न्यू जर्सीत रायफल घेण्याआधी पोलिसांकडून खरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं.

केटीचा_सातारकर

धन्यवाद एडिसनकर, मी २०१९ पासून नागरिक आहे. कुलपाची पेटी आधी आणली, किल्ली फक्त माझ्याकडे. रायफल शनिवारी आणतोय. काका, शेवटचं: ३२ च्या काचेला कडी किती उंच घेऊ?

टूलरूमवाले_काका

जमतील तितकी बुटकी. मागची माशी घडीची आहे, ती आडवी पाडा. पुढची काच आणि नळी यांच्यामध्ये पोस्टकार्ड अडकल्याशिवाय सरकलं की पुरे. स्क्रू आवळण्याआधी मुलीलाही खांद्याला लावायला सांगा आणि स्कोप मागेपुढे करून दोघांना पूर्ण चित्र दिसेल अशी जागा शोधा. तिथे पेन्सिलनं खूण करा, मगच आवळा.