पुरानं खाणीतलं आम्ल पातळ होतं का वाढतं?

फौजीदादा_सातारा:
मंडळी, काल पारावर वाद झाला. एकजण म्हणाला, जुन्या खाणीतलं आम्लाचं पाणी नदीत उतरतं खरं, पण पाऊस दणकून झाला की सगळं धुऊन निघतं. मला हे अजिबात पटलं नाही. माझी पोस्टिंग मेघालयात होती, जैंतिया हिल्सकडं, तिथं सोडून दिलेल्या कोळशाच्या खाणींखालच्या ओढ्यात दगडांवर नारंगी साका बसलेला, बोटानं खरवडला की गंजासारखा हाताला लागायचा, पाणी मात्र नितळ, पण त्यात ना मासा ना बेडूक. तिथल्या कोळशात पायराइट भरपूर, म्हणजे लोखंड आणि गंधक, हवा-पाणी लागलं की त्याचं गंधकाम्ल होतं. २०१४ ला हरित लवादानं रॅट होल, म्हणजे उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणींवर बंदी आणली, पण आधीची बिळं आणि मातीचे ढीग उघडेच, त्यांच्यावर दर पावसाळ्यात पाणी पडतंय.

मिरज_केमिस्ट:
दादा, बघितलेलं खरं असेल पण निष्कर्ष घाईचा आहे. तेवढंच आम्ल दहापट पाण्यात गेलं की सामू (पीएच, आम्ल कमी झालं की वाढतो) एक अंकानं वर येतो. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, एवढ्या पाण्यात काय टिकणार? आणि आपल्याकडं बसाल्ट, म्हणजे काळा दगड, त्यात पायराइट जवळजवळ नाहीच. उगाच घाबरवू नका लोकांना.

डिग्रजकर:
"तेवढंच आम्ल" इथंच चुकताय सर. आमचं रान क्षारपड आहे. मे महिन्यात या, वरंब्यावर पांढरा थर दिसेल, पाय पडला की कुरकुरतो. वळीव झाला की थर गायब, गेला कुठं? चरीच्या पाण्यात. खाणीतपण तसंच, कोरड्या दिवसात दगडावर पिवळे-पांढरे क्षार फुटतात, त्यात आम्ल आणि लोखंड साठून राहतं, आणि पावसात विरघळून एकदम खाली येतं. पाण्याबरोबर आम्लपण वाढलं तर तुमचा भागाकार कसा जमणार?

मिरज_केमिस्ट:
पहिल्या पावसाचं मान्य. पण नंतर महिनाभर नुसतं पाणीच वाहतं ना?

फौजीदादा_सातारा:
नाही, कारण आत पाणी चढतं तसं वरच्या जुन्या बोगद्यातले क्षार भिजत जातात, आणि पाणी उतरलं की त्याच दगडाला परत हवा लागून नवीन आम्ल तयार. इंग्लंडात कॉर्नवॉलला व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ ला बंद झाली, पंप थांबले, आत पाणी चढत गेलं आणि जानेवारी १९९२ ला ५ कोटी लिटरच्या वर धातूमिश्रित आम्लपाणी फुटून कार्नन नदीत गेलं, खाली खाडीपर्यंत रंग बदलला.

मिरज_केमिस्ट:
मग खाण कायमची बुडवून ठेवा की, हवा तुटली की आम्ल जवळपास थांबतं. म्हणजे पाणी हा शत्रू नाही, पातळीचं वरखाली होणं हा आहे.

नदीकाठ_औदुंबर:
हे पटलं. पण "पुरात खपतं" ही सवय आपल्याकडंपण आहे. आमच्या वर एका कारखान्यानं पहिल्या पाण्यात मळी सोडली, सकाळी घाटाच्या पायरीवर मरळ आणि वाम तोंड वर करून तडफडत होते, माझ्या पोरानं दोन उचलून हौदात टाकले, तरी गेले. नमुना घ्यायला माणूस आला आठवड्यानं, पाणी स्वच्छ निघालं.

डिग्रजकर:
म्हणून नमुना पुराच्या दिवशीच पाहिजे, आणि सामूबरोबर प्रवाहपण मोजा, त्याशिवाय एकूण आम्ल किती गेलं कळत नाही.

मिरज_केमिस्ट:
प्रवाहाचं बरोबर, त्याशिवाय माझंपण गणित सिद्ध होत नाही. बसाल्टवर मात्र मी ठाम आहे.