पिकलबॉल: मारायचं कधी आणि थोपवायचं कधी? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आठ महिन्यांपासून पिकलबॉल (पॅडल आणि प्लास्टिकच्या बॉलने जाळ्यावरून खेळतात तो) खेळतेय, बहुतेक वेळा डबल्सच. त्याआधी बरीच वर्षं बॅडमिंटन. कोर्ट त्याच मापाचं, ४४ बाय २० फूट, त्यामुळे पायांना ओळखीचं वाटलं. हाताची सवय मात्र जात नाहीये. इथे बॉल टप्पा पडून गुडघ्यापाशी येतो आणि तरी माझं पॅडल जोरात फिरतं.

नेमकं अडतं कुठे ते सांगते. सर्व्ह आमची असते. समोरच्या रिटर्न मारून लगेच किचनच्या (जाळ्यालगतची पट्टी, जिथे उभं राहून बॉल हवेतच मारता येत नाही) रेषेवर येऊन उभ्या राहतात. रिटर्नचा टप्पा पडू द्यावाच लागतो, म्हणून आम्ही मागेच. तिसरा फटका मी ड्रॉप (हलकेच त्यांच्या किचनमध्ये पडेल असा) खेळते आणि पुढे निघते. मी कोर्टाच्या मधोमध पोचते न पोचते तोच बॉल पायाशी येतो. तिथे मी ड्राइव्ह, म्हणजे जोरात सपाट फटका, मारते. तो जाळ्यात जातो, नाहीतर उंच उडून त्यांना आयता मिळतो. काल ९-६ पुढे असताना ९-११ हरलो. शेवटी आमच्या बहुतेक सर्व्ह अशाच वाया गेल्या. पार्टनर काही बोलली नाही, पण मला फार लागलं.

किचनवर डिंक (दोन्हीकडून जाळ्याजवळचे हलके फटके) चालू असताना याच्या उलट होतं. बॉल छातीशी येतो आणि मी घाबरून तो हलकेच परत टाकते.

कोणी ‘संयम ठेव’ म्हणतं, कोणी ‘आक्रमक खेळ’. पण बॉल अंगावर येत असताना ठरवायचं कसं? तुम्ही त्या क्षणी काय बघता? बॉल, समोरच्याचं पॅडल, की स्वतःचे पाय?

प्रतिसाद १:
आधी बॉलची उंची. जाळं मध्ये ३४ इंच, कडेला ३६. त्याच्या खालून बॉल मारला की तो वर जाणारच, आणि वर आलेला बॉल समोरचा खाली ठोकणार. म्हणून जाळ्याखालचा बॉल मऊ हाताने खेळा. पकड सैल, पॅडल जवळजवळ न फिरवता, किचनमध्ये पडेल इतकाच. हाच रिसेट.

दुसरं, तुमचे पाय. समोरचा फटका मारायच्या बेतात दिसला की असाल तिथे थांबा. धावता धावता हात मऊ राहत नाही, मी यात वर्षभर चुकत होतो. रिसेट नीट पडला तर दोन पावलं पुढे, नाही पडला तर तिथूनच आणखी एक रिसेट. बेसलाइनपासून किचनची रेषा १५ फूट आहे, ती एका दमात गाठायचा हट्ट नको.

छातीशी हळू आलेला बॉल मात्र सोडू नका. पूर्ण ताकद नको. समोरच्याच्या पॅडलच्या बाजूच्या खांद्याकडे किंवा कंबरेकडे मारा, तिथे हात अडकतो. तोच बॉल वेगात आणि खांद्याच्या वर असेल तर बाजूला व्हा, बहुतेकदा बाहेर जातो.

धागाकर्ती:
मनापासून आभार. मी धावतच खेळत होते, हे आत्ता कळलं. उद्या फक्त थांबण्याचाच सराव करणार आहे. एक शंका: मी मध्ये थांबले आणि पार्टनर किचनवर पोचलेली असेल तर आमच्या दोघींमध्ये तिरकी फट राहते. तिने एक पाऊल मागे यावं, की जागा धरून मधला बॉल अडवावा?