फलकावरच्या मजकुराविषयी

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. अ-२०४ मधल्या आपल्या बाई काल पहाटे गेल्या, हे सर्वांना कळले असेलच. रविवारी सायंकाळी ६ वाजता खालच्या सभागृहात शोकसभा ठेवली आहे. प्रवेशद्वाराजवळच्या फलकासाठी पुढील मजकूर केला आहे. काही सुधारणा असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावी. “भावपुर्ण श्रद्धांजली. बाईनी आयुष्यभर विद्यादानाचे कार्य केले. बाईच्या जाण्याने सोसायटीची कधीही न भरून येणारी हानी झाली आहे.”

ब-३०२: काका, मजकूर आहे तसा लावू नये अशी माझी विनंती आहे. ‘भावपूर्ण’मधला पू दीर्घ हवा, आणि ‘बाईंनी’, ‘बाईंच्या’ या दोन्ही ठिकाणी अनुस्वार हवा. ही वेळ शुद्धलेखन काढण्याची नाही असे कोणाला वाटेल, पण याच फलकापाशी बाई रोज सकाळी दूध घेऊन येताना थांबत आणि टाकी धुण्याच्या किंवा पाणी बंद राहण्याच्या सूचनेत काही चुकले असेल, तर तिथे दोऱ्याने बांधून ठेवलेल्या पेन्सिलीने हलकेच दुरुस्त करीत. लाल शाई त्यांनी कधी वापरली नाही, कारण लाल खूण दिसली की मूल बिचकते आणि पुढचे लिहीतच नाही, असे त्या सांगत.

अ-१०१: ब-३०२ ची सूचना योग्य आहे. एकट्या व्यक्तीविषयी आदराने लिहितानाही अनेकवचनाप्रमाणेच अनुस्वार द्यावा, असा नियमच आहे, आणि तो बाईंनीच मला समजावून दिला होता. माझ्या आणि बाईंच्या पिढीने शाळेत ‘नांव’, ‘गांव’ असे उच्चारात नसलेले अनुस्वार घोटून पाठ केले होते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले तेव्हा बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या, त्यामुळे स्वतः गिरवलेली टिंबे विसरून मुलांना नवे लेखन शिकवण्याची पाळी त्यांच्यावर आली. १९७२ साली आणखी ४ नियमांची भर पडली. त्याच वर्षीच्या दुष्काळात माण तालुक्यातल्या त्यांच्या शाळेतली मुले आईबापांबरोबर खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली, तेव्हा बाई हजेरीपट आणि फळा घेऊन कामाच्या जागी जात आणि लिंबाखाली वर्ग भरवीत. ही हकिगत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही त्या वर्षी गळालेल्या मुलांविषयी बोलताना. दोन मुली पुढे शाळेत परत आल्या नाहीत, याची खंत त्यांना शेवटपर्यंत होती.

क-४०३: आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई आज सकाळपासून रडत आहेत. दोन वर्षांपूर्वी बँकेत अंगठा द्यावा लागतो म्हणून त्या संकोचत असत. बाईंनी त्यांना दुपारी अर्धा तास बसवून ग, म, भ, न या क्रमाने अक्षरे शिकवली, कारण ग चे वळण हाताला बसले की म आणि भ पुष्कळसे त्यातूनच येतात. ताईंचा हात कणीक मळून सवयीचा झालेला, त्यामुळे पेन फार दाबून धरला जाई आणि कागद फाटे. म्हणून पहिले दोन आठवडे बाईंनी त्यांना परातीत पसरलेल्या पिठावर बोटाने लिहायला लावले. पुढे नाव आले, मग आडनाव, आणि ज्या दिवशी पासबुकासाठी सही केली त्या दिवशी ताई बँकेतून थेट अ-२०४ मध्ये गेल्या. मजकुरातले ‘विद्यादानाचे कार्य’ आणि ‘कधीही न भरून येणारी हानी’ हे शब्द कोणाच्याही फलकावर चालतील. बाईंनी काय केले ते लिहावे, असे मला मनापासून वाटते.

ब-३०२: पूर्ण सहमत. शिवाय मोठा फ्लेक्स लावू नये. मजकूर खडूने, हाताने लिहावा.

अ-१०१: मग तो आपल्या रखवालदारांच्या मुलीने लिहावा. पहिलीपासून ती बाईंच्याच हाताखाली शिकली आहे आणि तिचे अक्षर हुबेहूब बाईंच्या वळणाचे आहे.

सचिव: सर्वांच्या सूचना मान्य. चुकांबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. बाई असत्या तर सकाळी त्या चुका मला न सांगताच दुरुस्त झाल्या असत्या. मुलीला विचारले, ती तयार आहे. अंतिम मजकूर असा राहील: “बाई गेल्या. त्यांनी माणदेशात लिंबाखाली आणि आपल्या इमारतीत स्वयंपाकघरांत माणसांना लिहायला शिकवले. बाईंना भावपूर्ण श्रद्धांजली.” ती उद्या शाळेत जाण्यापूर्वी लिहील. फलकाला बांधलेली पेन्सिल कोणीही काढू नये.