पॉलिश करताना बॉनेटच्या उठावावरचा रंग घासला गेला: आता काय करावे?

हौशी चालक (प्रश्न)

गाडी गडद लाल मेटॅलिक रंगाची आहे. धुताना पडलेले बारीक, जाळीसारखे ओरखडे काढण्यासाठी रोटरी मशीनला लोकरीचा पॅड लावून कंपाउंडने (म्हणजे खरखरीत पॉलिशच्या लेपाने) बॉनेट घासत होतो. सपाट भाग उत्तम उजळला. परंतु बॉनेटवर पुढून मागे जी उठावाची रेषा जाते, तिच्यावर बोटभर लांबीचा आणि नखाएवढ्या रुंदीचा निस्तेज पट्टा उमटला आहे. त्याची कड स्पष्ट दिसते आणि पॅडवर गुलाबीसर रंग आला आहे. पाणी टाकले की पट्टा नाहीसा होतो, वाळले की पुन्हा दिसतो. त्यामुळे ओरखडे फक्त वरच्या थरात असावेत आणि बारीक पॉलिशने आणखी थोडे घासल्यास चमक परत येईल, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे का? नसल्यास हे घरी दुरुस्त होईल, की रंगकाम करून घ्यावे लागेल?

जुना रंगारी

त्या जागी मशीन पुन्हा टेकवू नका. तुम्ही सांगितलेल्या खुणांपैकी निर्णायक खूण पाण्याची नसून पॅडवर आलेल्या रंगाची आहे. मेटॅलिक गाडीवर रंगाचा थर, म्हणजे बेस कोट, खाली असतो आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. जोपर्यंत तुम्ही क्लिअर कोट घासत असता, तोपर्यंत पॅडवर गाडीचा रंग येण्याचे कारणच नसते. रंग आला, याचा अर्थ त्या पट्ट्यावरचा क्लिअर कोट संपला आहे. (क्लिअर कोट नसलेल्या, साध्या एकथरी रंगाच्या जुन्या गाड्यांवर पॅडला रंग लागणे हे नेहमीचेच असते, तिथे घाबरण्यासारखे काही नसते.)

पाण्याची परीक्षा पुष्कळ जण सुचवतात, पण या ठिकाणी ती फसवते. पाणी जसे ओरखड्यांमध्ये भरून ते झाकते, तसेच उघड्या पडलेल्या बेस कोटवरही तात्पुरती चमक आणते, त्यामुळे दोन्ही प्रकारांत डाग नाहीसाच होतो. मात्र तिचा एक वेगळा उपयोग आहे. ओल्या अवस्थेत पट्ट्याचा रंग आजूबाजूच्या रंगाशी तंतोतंत जुळत असेल, तर बेस कोट बऱ्यापैकी शिल्लक आहे. मध्ये फिकट किंवा राखाडी छटा दिसत असेल, तर तोही घासला जाऊन खालचा प्रायमर डोकावू लागला आहे. दिवसाच्या उजेडात, तिरक्या कोनातून पाहून ही गोष्ट आधी ठरवा.

घासल्याने क्लिअर कोट वाढत नाही, तो फक्त कमी होतो. बारीक पॉलिश ओरखड्यांच्या कडा बोथट करून चमक आणते खरे, पण त्यासाठी चमकवायला थर शिल्लक असावा लागतो. म्हणून तुमचा अंदाज मला मान्य करता येत नाही.

मायक्रॉन

वरील उत्तराशी सहमत आहे. हे नेमके उठावाच्या रेषेवरच का घडले, तेवढे जोडतो. कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन (1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि त्यातला क्लिअर कोट बहुधा 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेपासून दोन्ही बाजूंना ओढला जातो, त्यामुळे कडेवरचा थर मुळातच पातळ राहतो. त्यात सपाट भागावर पॅडचा दाब पसरलेला असतो, तर उठावावर तोच सगळा दाब एका अरुंद पट्टीवर येतो; आणि रोटरी मशीनचा पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने घर्षणाची उष्णताही तिथेच साठते. लोकरीचा पॅड आणि कंपाउंड ही जोडी तर अधिक कापणारी.

जाडी मोजण्याचे यंत्र आणून शिल्लक क्लिअर कोट मोजावा, असे कुणी सुचवले तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: पत्र्यावर वापरले जाणारे नेहमीचे यंत्र सगळ्या थरांची मिळून एकच जाडी सांगते, त्यातला क्लिअर कोट किती हे सांगत नाही. शिवाय प्लास्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही.

काटकसरी

मला वाटते, संपूर्ण बॉनेट रंगवण्याचा सल्ला घाईचा ठरेल. गाडीच्या रंगाचा कोड सहसा दरवाजाच्या चौकटीवरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर असतो. त्यानुसार टच-अपचा रंग आणि क्लिअर कोटचा स्प्रे आणून, भोवती मास्किंग टेप लावून तेवढाच पट्टा झाकता येईल. गाडी जुनी असेल आणि दुरून बरी दिसली तरी पुरे असेल, तर एवढ्यासाठी मोठा खर्च कशाला करावा?

जुना रंगारी

काटकसरी यांचा हेतू समजतो आणि गाडी खरोखर जुनी असल्यास त्यांचे म्हणणे व्यवहार्यही आहे; मात्र परिणाम काय होईल हे आधी माहीत असावे. टच-अपचा ब्रश खडी लागून उडालेल्या टिकलीएवढ्या जागेसाठी असतो. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म चपटे कण असतात आणि ते कसे आडवे बसतात यावर छटा ठरते. ब्रशने लावताना ते कसेही बसतात, त्यामुळे कोड अचूक असूनही बोटभर पट्टा एका कोनातून गडद आणि दुसऱ्यातून फिकट दिसतो. क्लिअर कोटचेही तसेच आहे. तो मध्येच संपवला तर जुन्या-नव्याच्या सीमेवर अतिशय पातळ झालेली कड राहते आणि उन्हातान्हात पुढे तीच दिसू लागते, किंवा तिथून पापुद्रा सुटतो. म्हणून चांगला रंगारी बेस कोट फक्त पट्ट्यावर आणि त्याभोवती विरत जाईल असा मारतो, पण क्लिअर कोट बॉनेटच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत देतो. बेस कोट पुरेसा शिल्लक दिसत असला तरी त्याला नव्याने हलका हात द्यावाच, कारण पॉलिशने धातूचे कण कापले गेलेले असतात आणि थेट क्लिअर कोट दिल्यास तिथे ढगाळ छटा उरते.

हार्डनर (थर कडक करणारे रसायन) मिसळलेला टिकाऊ क्लिअर कोट घरी मारू नये, हे स्पष्टपणे सांगतो. त्यातील आयसोसायनेट श्वासावाटे गेल्यास दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही.

हौशी चालक

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. ओल्या अवस्थेत रंग सर्वत्र सारखाच दिसतो, राखाडी छटा कुठेही नाही. बॉनेट रंगवून घेण्याचे ठरवले आहे, परंतु थोडा काळ थांबावे लागेल. तोवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावायचा संरक्षक लेप, दिल्यास पट्टा सुरक्षित राहील का? आणि उर्वरित गाडीचे पॉलिश पूर्ण करावे का?

मायक्रॉन

सिरॅमिक कोटिंग क्लिअर कोटची जागा घेऊ शकत नाही. ते फार पातळ असते आणि रंगाऱ्याला पुढे ते काढून टाकण्याचे काम वाढते. उन्हातील अतिनील किरणे शोषणारे घटक क्लिअर कोटमध्ये असतात. ते कवच गेल्यामुळे उघडा बेस कोट विटत जाईल, तेव्हा गाडी शक्यतो सावलीत किंवा कापडी आवरणाखाली ठेवा. साधे मेण लावायला हरकत नाही. सिलिकॉन असलेली चमकद्रव्ये मात्र टाळा, कारण त्यांचा अंश राहिल्यास नव्या रंगात खड्डे पडतात, ज्यांना रंगारी फिश-आय म्हणतात. मेण लावले असल्यास तेही रंगाऱ्याला सांगा.

उर्वरित गाडीसाठी रोटरीऐवजी दुहेरी गतीचे, म्हणजे डीए मशीन आणि फोमचा पॅड घ्या. दरवाजांच्या कडा, उठावाच्या रेषा आणि छताचे काठ यांवर मास्किंग टेप लावा आणि तेवढा भाग शेवटी हातानेच करा. पत्र्यावर हात ठेवून पाहा. चटका बसत असेल तर आधीच फार उशीर झाला आहे, कोमट लागताच थांबायला हवे. बंपरवर आणखी सावध राहा, कारण प्लास्टिक उष्णता लवकर वाहून नेत नाही.

जुना रंगारी

एक भर. नवा क्लिअर कोट वरून कडक लागला तरी आतील द्रावके काही आठवडे बाहेर पडत राहतात. त्या काळात बॉनेटवर मेण किंवा कोटिंग लावू नका. नेमके किती थांबायचे हे वापरलेल्या क्लिअर कोटवर आणि तो भट्टीत तापवून सुकवला आहे की नाही यावर ठरते, तेव्हा गाडी ताब्यात घेतानाच रंगाऱ्याला विचारून घ्या.