मागच्या दाराची काच चॅनलमधून सुटलीय, घरी होईल का?

मालवणी_माणूस:
मंडळी, जुनी हॅचबॅक आहे, मागच्या डाव्या दाराची पॉवर विंडो बिघडलीय. काच वर घेताना कडकन आवाज आला आणि पुढच्या बाजूला तिरकी होऊन अर्ध्यातच अडकली. बटण दाबलं की मोटर फिरल्यासारखा आवाज येतो, मध्येच कटकट करते, काच जागची हलत नाही, हाताने धरली तर डुलते. इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, गाडी उघड्यावर, सध्या ताडपत्री बांधून ठेवलीय. गॅरेजवाला म्हणतो काच वर-खाली करणारं अख्खं मशीन बदलावं लागेल आणि पार्ट यायला वेळ लागेल. खरंच मशीन बदलावंच लागतं का, की नुसती काच धरणारी क्लिप बसवून भागतं? आणि दाराचं आतलं पॅड घरी काढलं तर परत नीट बसतं का? बाईकची बारीकसारीक कामं मी घरीच करतो, दाराला कधी हात घातलेला नाही.

कुडाळचो_ड्रायव्हर:
अरे आधी ता बटण परत परत दाबूचा बंद कर. काच तिरकी आसताना मोटर फिरवत रवलंस तर आतली काच ओढणारी वायर मशीनच्या ड्रमात गुतता आणि मगे क्लिपचा काम मशीनचा होता. दोघांनी मिळान कर, एकान बटण वरच्या बाजूक धरूचा, दुसऱ्यान काच दोनी बाजूंनी तळहातान दाबून सरळ वर ओढूची. वर गेली की पुसून कोरडी कर आणि फ्रेमवरून रुंद चिकटपट्टी मार, ओल्या काचेर ती ऱ्हवणा नाय. आणि ड्रायव्हरच्या दारावरचा विंडो लॉक दाबून ठेव, पोरां मागे बसली की बटणाक हात लावतलीच.

पाना_पक्कड:
वरचं बरोबर आहे. आता मूळ प्रश्न. मोटरचा आवाज येतोय म्हणजे फ्यूज, बटण, वायरिंग बहुतेक ठीक आहे, आवाजच नसता तर आधी फ्यूज बघा म्हटलं असतं आणि दार नि बॉडीच्या मध्ये जी रबरी नळी असते तिच्यातल्या वायरी, दार उघडझाप करून त्या आतल्या आत तुटतात. तुमच्याकडे मोटर फिरते पण काच सोबत जात नाही, म्हणजे एकतर काच धरणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटलीय नाहीतर रेग्युलेटरची, म्हणजे त्या मशीनची, काच ओढणारी वायर तुटलीय किंवा पुलीवरून उतरलीय. हे दार उघडल्याशिवाय कळत नाही, आणि न उघडता मशीन बदला म्हणणाऱ्याला मी तरी लगेच पैसे देणार नाही.

पॅड काढणं अवघड नाही, घाई केली की मात्र क्लिपा तुटतात. आतल्या हँडलच्या वाटीत आणि आर्मरेस्टमध्ये झाकणाखाली लपलेले स्क्रू असतात, ते आधी शोधा. मग खालच्या कडेने प्लॅस्टिकचं चपटं हत्यार घालून एकेक क्लिप सोडवायची, नुसता स्क्रूड्रायव्हर घातला तर रंग आणि पॅड दोन्हीला खरवडा. शेवटी पॅड वर उचलून काढायचं, ओढायचं नाही, मागे बटणाची वायर आणि हँडलची केबल असते. आत प्लॅस्टिकचा पडदा काळ्या चिकट डिंकाने लावलेला दिसेल, तो फाडू नका. दारात पाणी येतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जातं, पण पडदा फाटला की तेच पाणी आत पायाखालच्या मॅटमध्ये येतं. वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात पडदा फाडून टाकणारा मेकॅनिक बघितला की डोकं फिरतं.

काच धरणारे बोल्ट बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या पान्याचे असतात, काच थोडी वर-खाली केली की पत्र्यातल्या भोकासमोर येतात. त्यासाठी बॅटरी जोडलेलीच ठेवा, बोल्ट दिसले की काच टेप लावून वर बांधा आणि मग निगेटिव्ह टर्मिनल काढा. आत हात घालताना हातमोजे घाला, पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मशीन कात्रीसारख्या पट्ट्यांचं निघालं तर मोटर सुटी करू नका, काहींत ताणलेली स्प्रिंग असते, बोटं जायची.

क्लिप बदलली की काच पुढच्या-मागच्या दोन्ही चॅनलमध्ये, म्हणजे ती सरकते त्या रबरी खाचांत, बसवा, बोल्ट हाताने जेमतेम आवळा, बॅटरी परत जोडून काच पूर्ण वर नेऊन बंद करा म्हणजे ती आपली जागा आपण शोधते, आणि तिथे मगच घट्ट करा. सगळ्यांची घाई तिथेच होते, मग काच परत तिरकी धावते. फार जोर लावू नका, दाराची काच टफन्ड असते, कडेला मार बसला की सगळी चुरा होते.

रत्नांग्रीकर:
पाना_पक्कड, सगळं मान्य, पण कारण बघितलं नाही तर वर्षभरात परत हेच. आपल्याकडे खाऱ्या हवेत वायरला गंज येतो आणि जांभ्याची तांबडी धूळ चॅनलच्या रबरात बसते, काच जड झाली की सगळा भार त्या बिचाऱ्या क्लिपवर. पॅड उघडलंच आहे तर चॅनल ओल्या कपड्याने पुसून कोरडं करा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, रबर फुगतं आणि धूळ चिकटून चिखल होतो. डब्ल्यूडी-फॉर्टी स्प्रेने काच तात्पुरती सरकते, टिकत नाही. दाराखालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा, ती बुजली की दार आतून कुजतं. आणि साइड एअरबॅगच्या गाडीत काही मॉडेलना दारातच सेन्सर असतो, तसं असेल तर घरी हात घालू नका.

मालवणी_माणूस:
एअरबॅग फक्त पुढे आहेत, सो उघडलं. पॅड निघालं, पॅडच्या दोन क्लिपा गेल्या पण पडदा शाबूत आहे. वायर ठीक दिसतेय, थोडा गंज आहे, काच धरणाऱ्या दोन प्लॅस्टिक क्लिपांपैकी पुढची मधोमध फुटलीय. एम-सील लावून जोडली तर चालेल का? गॅरेजवाला म्हणतो ही सुटी मिळत नाही.

पाना_पक्कड:
एम-सील नको, तिथे दर वेळी काचेचं वजन आणि धक्का येतो, वर गुळगुळीत काचेला ते धरतही नाही. सुटी क्लिप काही मॉडेलना मिळते, काहींना पूर्ण रेग्युलेटरच घ्यावा लागतो, कोल्हापूरच्या स्पेअर्सवाल्यांना फोटो पाठवून विचारा, एसटीच्या पार्सलने येतं. वायरचा गंज नुसता वरवरचा असेल, एकही तार तुटलेली नसेल तर क्लिपवर भागवा, तारा उभ्या राहिलेल्या दिसल्या तर मशीनच घ्या, एका दाराचे दोनदा कष्ट कशाला. तोपर्यंत काच वर घेऊन आतून लाकडाची रीप मापात कापून काचेखाली उभी टेकवा, टेपपेक्षा ती जास्त टिकते, त्या दाराच्या मोटरचा प्लग सॉकेटमधून काढून ठेवा आणि पडदा परत चिकटवून घ्या, डिंक सुकला असेल तर ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) मिळते. ऑर्डर देताना डावं-उजवं गाडीत पुढे तोंड करून बसल्यावर धरायचं, आणि मागचं दार म्हणून नक्की सांगा, पुढचं-मागचं मशीन एकमेकांना बसत नाही.