नॅशनल लीगला बढतीची तिसरी जागा मिळायलाच हवी

(चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मधली फळी

इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत वरचे ४ स्तर (प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू) संपले की नॅशनल लीग लागते. २४ संघ, प्रत्येकी ४६ सामने, आणि वर लीग टूमध्ये जायला जागा फक्त २. पहिला आलेला संघ थेट वर जातो. दुसऱ्या ते सातव्या क्रमांकाचे ६ संघ उरलेल्या एका जागेसाठी प्ले-ऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, खेळतात. लीग टूमधून लीग वनमध्ये मात्र दरवर्षी ४ संघ जातात, चॅम्पियनशिपमधून प्रीमियर लीगमध्ये ३. अख्ख्या जिन्यात नेमकी हीच पायरी अरुंद ठेवली आहे. ती रुंद करा म्हणून २०२५ च्या सुरुवातीला नॅशनल लीगच्या क्लबांनी 'थ्री-अप' (तिघे वर) मोहीम सुरू केली. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.

२०२२-२३ चा हंगाम आठवा. रेक्सम १११ गुण, नॉट्स काउंटी १०७. त्याआधीचा विक्रम क्रॉलीचा, १०५ गुणांचा. म्हणजे जुना विक्रम मोडूनही नॉट्स काउंटी दुसरी! मग प्ले-ऑफ. उपांत्य फेरीत बोरहॅम वूडविरुद्ध ०-२ ने मागे पडून जादा वेळेत सुटका, आणि लंडनच्या वेम्बली मैदानावर अंतिम सामन्यात चेस्टरफील्डविरुद्ध निकाल थेट पेनल्टी शूटआऊटमध्ये. हे चेस्टरफील्ड साखळीत त्यांच्यापेक्षा २३ गुणांनी मागे होतं. काउंटी वाचली. २०२४-२५ मध्ये यॉर्क सिटी वाचली नाही. ९६ गुण घेऊन दुसरी आली, आणि गुणतालिकेत कितीतरी खाली असलेल्या ओल्डहॅमने तिला उपांत्य फेरीत ३-० ने हरवलं. ओल्डहॅम वर गेलं, यॉर्क तिथेच. ९ महिने केलेल्या कामाची किंमत एका संध्याकाळी शून्य होते, ही स्पर्धा नव्हे.

बचावपटू

यॉर्कबद्दल मलाही वाईट वाटलं. पण प्ले-ऑफचा निकाल कडू लागतो म्हणून रचना बदलायची, हे पटत नाही. चॅम्पियनशिपमध्येही तिसरा आलेला संघ असाच अडकतो.

आणि तिसरा संघ वर आला की लीग टूमधून तिसरा संघ खाली जाणार, त्याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत. मॅकल्सफील्ड टाउन २०२० मध्ये खाली आला आणि त्याच सप्टेंबरात न्यायालयाने क्लब गुंडाळायचा आदेश दिला. हेरफर्ड युनायटेड २०१४ मध्ये संपला. डार्लिंग्टनला २०१२ मध्ये थेट नवव्या स्तरापासून सुरुवात करावी लागली. खाली आल्यावर उत्पन्न आटतं, पण खेळाडूंचे करार तेच राहतात. दरवर्षी आणखी एका गावाला त्या भीतीत ढकलायचं का?

वर जाण्याच्या हव्यासाचं उदाहरण हवं असेल तर रशडेन अँड डायमंड्स घ्या. डॉक मार्टेन्स बुटांच्या मालकांनी पैसा ओतला, क्लब २००१ मध्ये वरच्या ४ स्तरांत पोचला, पैसा थांबला, २००६ मध्ये परत खाली, २०११ मध्ये नामशेष. जागा वाढल्या की असा जुगार खेळणारेही वाढतील.

शिट्टी

बचावपटू, तुमची यादी खरी आहे, पण ती वाचून मला उलटंच वाटतं. डार्लिंग्टन आणि हेरफर्ड कोसळले तेव्हा ते काही वर्षं खालीच अडकून होते. परत वर यायचा रस्ता अरुंद असणं हेही बुडण्याचं एक कारण नाही का? ल्युटन टाउनसारख्या मोठ्या क्लबला २००९ मध्ये खाली आल्यावर वर यायला २०१४ उजाडलं. त्याच क्लबने २०२३ मध्ये प्रीमियर लीग गाठली.

आता थोडा इतिहास, कारण हा विरोध आजचा नाही. १९८७ पूर्वी पाचव्या स्तरावरून चौथ्यावर थेट बढती नव्हतीच. चौथ्या स्तराच्या तळाचे ४ संघ 'आम्हाला राहू द्या' म्हणून अर्ज करायचे आणि लीगचे क्लब मतदान करायचे. आल्ट्रिंचमने १९८० मध्ये खालची लीग जिंकली आणि रॉचडेलकडून एका मताने हरले, २६ विरुद्ध २५. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले, तरीही नकार. तो क्लब त्या ४ स्तरांत आजवर खेळलेला नाही.

१९८७ मध्ये स्कारबरो पहिला हक्काने वर गेला. मग आडवी आली मैदानाची अट. १९९४ ला किडरमिन्स्टर, १९९५ ला मॅकल्सफील्ड, १९९६ ला स्टीव्हनेज. तिघेही विजेते, तिघांचीही मैदानं 'निकषांत बसत नाहीत' म्हणून नाकारली. स्टीव्हनेज न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. तळाला असलेले नॉर्थॅम्प्टन, एक्सेटर, टॉर्की सुखरूप राहिले. दुसरी जागा मिळाली २००३ मध्ये. तेव्हा प्ले-ऑफमधून वर आलेलं डॉनकास्टर ५ वर्षांत चॅम्पियनशिपमध्ये होतं. दर वेळी 'खालचे अजून तयार नाहीत' हेच ऐकवलं जातं, आणि दर वेळी खालचे वर जाऊन टिकून दाखवतात.

मंगळवारची रात्र

मी दोन्ही बाजूंपेक्षा वेगळं बोलतो. माझं प्रेम या लीगच्या अर्धव्यावसायिक रूपावर आहे. दिवसभर नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. जेमी वार्डी खालच्या स्तरांत खेळताना कारखान्यात वैद्यकीय आधारपट्ट्या बनवायचा. २०१२ मध्ये या स्तरावरच्या फ्लीटवूडकडून तो लेस्टरला गेला आणि २०१६ मध्ये प्रीमियर लीगचा विजेता झाला. काम करत खेळणाऱ्याला अशी जागा मिळणं ही या स्तराची खरी देणगी आहे.

आज पाचव्या स्तरावर बहुतेक क्लब पूर्णवेळ झालेत. २०२५ मध्ये ट्रुरो सिटी वर आला, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधून या स्तरावर येणारा पहिला क्लब. ईशान्येकडच्या गेट्सहेडहून तिथे जायचं म्हणजे रस्त्याने एका बाजूचेच ७०० किलोमीटरहून जास्त. मंगळवारी रात्री असा सामना लागला तर नोकरी करणाऱ्याने बुधवारी कामावर कसं जायचं? तिसरी जागा आली की उरलेसुरले अर्धवेळ क्लबही पूर्णवेळ होण्याच्या शर्यतीत उतरतील. त्यांच्यासाठी कोणी मोहीम काढत नाही.

मधली फळी

मंगळवारची रात्र, तुमची काळजी रास्त आहे, पण हे रूप आजच्या २ जागांच्या रचनेतच बदललं. बढती दुर्मिळ, म्हणून मालक एकाच हंगामात सगळा पैसा ओततात. अर्धवेळ क्लबांना वाचवायचं असेल तर प्रवासाचा आणि मधल्या आठवड्यातल्या सामन्यांचा प्रश्न सोडवा. बढती अडवून ते साधणार नाही.

बचावपटू, चॅम्पियनशिपची तुलना अपुरी आहे. तिथे दुसरा थेट वर जातो. यॉर्क दुसरीच होती. तिसरी जागा आली तर दुसऱ्या क्रमांकालाही थेट बढती देता येईल आणि प्ले-ऑफचा थरारही राहील.

जुगाराबद्दल म्हणाल, तर २०२५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक आला आहे आणि त्याचा अधिकार पाचव्या स्तरापर्यंत पोचतो. क्लबला परवाना लागेल, हिशेब दाखवावे लागतील. रशडेनच्या काळात यातलं काही नव्हतं.

बचावपटू

दुसऱ्याला थेट बढती, हा मुद्दा मला मान्य. नियामकाचा नाही. परवान्यांची पद्धत आधी काही हंगाम चालू दे, एखाद्या हावरट मालकाला तिने खरोखर रोखलेलं दिसू दे. आणि तिसरी जागा द्यायचीच असेल तर खाली येणाऱ्या क्लबच्या मदतीचं त्याच ठरावात लिहा. लीग टूचे क्लब स्वतःच्या विरोधात मत देतील अशी अपेक्षा ठेवताना त्यांच्या हाती काहीतरी द्यायला नको का?

शिट्टी

मदतीचं जरूर लिहा. पण मैदानाच्या अटीही त्याच बैठकीत घ्या. २०२४ मध्ये गेट्सहेड प्ले-ऑफच्या जागेवर आलं, आणि मैदानाच्या वापराची १० वर्षांची हमी नाही म्हणून त्यांना खेळूच दिलं नाही. त्याच मे महिन्यात त्या संघाने वेम्बलीवर एफए ट्रॉफी, म्हणजे खालच्या स्तरांतल्या क्लबांचा चषक, जिंकली. सटनने २०२१ मध्ये आणि ब्रॉमलीने २०२४ मध्ये वर जाताना कृत्रिम हिरवळ उखडली, कारण ती लीग टूमध्ये चालत नाही. हीच मैदानं आठवडाभर गावातल्या मुलांना भाड्याने देऊन छोटे क्लब पैसे उभे करतात. तिसरी जागा दिली आणि या अटी तशाच ठेवल्या, तर १९९४ चं किडरमिन्स्टर पुन्हा घडायला वेळ लागणार नाही.