कर्करोगाच्या उपचारातले सांधे कोणी सांभाळायचे? प्रणाली अभियांत्रिकीवर चर्चा

मृण्मयी:

अमेरिकेतील नॅशनल अकॅडमीज या संस्थेने २०१९ मध्ये कर्करोग नियंत्रणावर एक अहवाल प्रसिद्ध केला. प्रतिबंधापासून अखेरच्या शुश्रूषेपर्यंतची कामे असंख्य संस्था आपापल्या परीने करत असतात, परंतु ती सगळी मिळून जी व्यवस्था होते तिची आखणी कोणाच्याच वाट्याला आलेली नाही, असे निरीक्षण नोंदवून त्या अहवालाने प्रणाली अभियांत्रिकीची (सिस्टिम्स इंजिनिअरिंगची), म्हणजे सगळे घटक एकत्र धरून पूर्ण व्यवस्थेची आखणी करण्याच्या शास्त्राची, साधने वापरण्याची सूचना केली. मला ती पटते. ज्यांना पटत नसेल त्यांची कारणेही समजून घ्यावीत, म्हणून हा धागा.

माझ्या मते कर्करोगाच्या उपचारात रुग्णाचे सर्वाधिक टाळता येण्याजोगे नुकसान दोन विभागांच्या सांध्यात होते. मॅमोग्रामवर (स्तनाच्या क्ष-किरण चित्रावर) संशयास्पद छाया दिसते, बायोप्सीची, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढण्याची, तारीख मिळते, नमुना पॅथॉलॉजीकडे जातो, अहवाल सर्जनकडे येतो आणि मग केमोथेरपी व रेडिओथेरपीचा क्रम ठरतो. यातला प्रत्येक जण आपले काम चोख करत असला, तरी एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना जे दिवस सरतात त्यांचा हिशेब कोणाकडेच नसतो. २०२० मध्ये बीएमजे या नियतकालिकात आलेल्या, सात प्रकारच्या कर्करोगांवरील एकत्रित विश्लेषणात, शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाल्यास मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असे दिसले. डेन्मार्कने २००७ मध्ये कर्करोगाच्या संशयाला तातडीची स्थिती मानण्याचे ठरवले आणि पुढच्या वर्षापासून प्रत्येक प्रकारच्या कर्करोगासाठी तपासण्यांचा क्रम व कालमर्यादा आधीच आखून दिली. तिथे नवे औषध आणले गेले नव्हते, फक्त सांधे नीट बसवले गेले होते.

दुसरे उदाहरण मला याहून महत्त्वाचे वाटते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात शरीरात पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. काही रुग्णांना दोन भेटींच्या मधल्या काळातली लक्षणे संगणकावर नोंदवता येत होती आणि त्रास वाढला की परिचारिकेला सूचना जात होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३१.२ महिने होते, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६ महिने. रुग्ण आणि परिचारिका यांच्यातला तुटलेला दुवा जोडल्याने इतके साधले.

डॉ. शल्यक:

मृण्मयीताई, आपली दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांच्या आधारे आपण जो व्यापक दावा करता तो मला मान्य नाही. अभियंता ज्या घटकांची जुळणी करतो त्यांचे गुणधर्म त्याला ठाऊक असतात आणि ते त्याच्या कृतीला उत्तर म्हणून बदलत नाहीत. गाठ मात्र बदलते. औषधाला बळी पडणाऱ्या पेशी मरतात, प्रतिरोधक पेशींना मोकळे रान मिळते आणि काही महिन्यांत आपण वेगळ्याच रोगावर उपचार करत असतो.

यापेक्षाही मोठी अडचण उद्दिष्टाची आहे. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय चाळणी तपासणी (लक्षणे नसलेल्यांमध्येही रोग शोधण्याचा) कार्यक्रम सुरू झाला. थायरॉइडचा त्यात समावेश नव्हता, तरी इतर तपासण्यांच्या जोडीला थायरॉइडची सोनोग्राफी थोड्याशा जास्तीच्या पैशांत सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत पंधरापट झाले, मृत्यूचे प्रमाण मात्र जवळपास तसेच राहिले. ज्या गाठींनी आयुष्यभर काही केले नसते त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि त्यातल्या बहुतेकांच्या नशिबी कायमची गोळी आली. त्या व्यवस्थेचे सांधे उत्तम बसलेले होते! तपासणी, निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यात कुठेही खोळंबा नव्हता, आणि नेमके तेच लोकांना भोवले.

विहंग:

मी रेडिओथेरपीच्या भौतिकीशी संबंधित काम करतो. सगळी व्यवस्था एकत्र पाहावी की नाही, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात कधीच निकालात निघाला आहे, असे मला वाटते. १९८५ ते १९८७ या काळात थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने सहा रुग्णांना प्रचंड जास्त किरणमात्रा दिली आणि त्यातले काही दगावले. तपासात सॉफ्टवेअरमधले दोष सापडले, परंतु तसे दोष आधीच्या थेरॅक-२० मध्येही होते. तिथे स्वतंत्र यांत्रिक अटकाव असल्याने कोणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रातून ते अटकाव काढून टाकले गेले, चुकीचे संदेश वारंवार येत असल्याने चालकांना ते ओलांडून पुढे जाण्याची सवय लागली, आणि ‘असे होऊच शकत नाही’ असे निर्माते सांगत राहिले. यातला एकच दुवा दुरुस्त करून भागले नसते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये, रेडिओथेरपीच्या प्रत्येक टप्प्यावर काय बिघडू शकते याचे पद्धतशीर विश्लेषण करण्याची शिफारस केली, ती याच विचारातून.

तितिक्षा:

विहंग यांचे म्हणणे यंत्रापुरते ठीक आहे. माणसांची व्यवस्था लक्ष्य दिले की लक्ष्याकडे बघून वागते. इंग्लंडमध्ये कर्करोगाचा संशय असलेल्या रुग्णाला दोन आठवड्यांत तज्ज्ञाने पाहावे, असे बंधन होते. घड्याळ पहिल्या भेटीला थांबत असल्याने पुढच्या तपासण्यांसाठी रुग्ण ताटकळला तरी लक्ष्य पूर्ण झालेले दिसे. २०२३ मध्ये ते बंधन बाजूला ठेवून, २८ दिवसांत निदान सांगण्याचे बंधन मुख्य करण्यात आले. एवढी साधी गोष्ट उमगायला दोन दशके लागली.

मृण्मयी:

तितिक्षा, आपले उदाहरण मला विरोधी वाटत नाही. मापदंड चुकीच्या जागी बसवला की काय होते, हे त्यातून दिसते. डॉक्टर, कोरियाबद्दलही माझे उत्तर तेच आहे. तिथे सापडलेल्या गाठी मोजल्या गेल्या, टळलेले मृत्यू आणि झालेली इजा मोजली गेली नाही. प्रणालीची सीमा कुठे आखायची, हाच प्रणाली अभियांत्रिकीचा पहिला प्रश्न असतो आणि तो तिथे विचारलाच गेला नाही. अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले त्यात मॅमोग्राफीचा वाटा किती, हे सात संशोधक गटांनी आपापली गणिती प्रतिमाने (मॉडेल्स) वापरून स्वतंत्रपणे काढले. २००५ मध्ये जाहीर झालेली त्यांची उत्तरे २८ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान पसरलेली होती आणि तो सगळा पसारा त्यांनी वाचकांसमोर ठेवला. एकच ठाम आकडा सांगण्याचा मोह टाळणारी ही शिस्त मला हवी आहे.

डॉ. शल्यक:

संशय आल्यापासून पहिल्या उपचारापर्यंतच्या वाटेसाठी आणि विहंग म्हणतात त्या सुरक्षिततेसाठी मी आपले म्हणणे मान्य करतो. प्रतिबंधाच्या बाबतीत मात्र नाही. तंबाखूविरुद्ध आखणी करताना समोर दुसरी तितकीच हुशार प्रणाली उभी असते आणि आपण एक दार बंद केले की ती दुसरे उघडते. त्या झगड्यात आराखड्यापेक्षा कायदा आणि राजकीय इच्छाशक्ती यांना मोल आहे.

चाळणी तपासणीबाबत माझी अट अधिक ठोस आहे. जपानमध्ये १९८४ पासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांमधला मज्जापेशींचा कर्करोग शोधला जात होता. पुष्कळ बाळांमध्ये तो सापडला, त्यातल्या अनेकांच्या गाठी आपोआप विरल्या असत्या, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया व केमोथेरपी झाली. अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत, हे कॅनडा आणि जर्मनीतल्या अभ्यासांनी २००२ मध्ये दाखवले, तेव्हा कुठे २००४ च्या सुमारास तो कार्यक्रम थांबला. कोणता पुरावा मिळाला तर आपण हे बंद करू आणि बंद करण्याचा अधिकार कोणाकडे असेल, हे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी लिहून ठेवणारा आराखडा कोणी आणला, तर त्यावर मी सही करीन. मृण्मयीताई, आपण ज्या अहवालाचा दाखला दिलात त्याच्या धर्तीवर आपणच तो मांडून पाहाल का?